तुझ्या गाईंना पोळी नाही

मक्या, परवा तुझ्या तेराव्याला मी मेलबर्नच्या वेरिबीपासून क्रेगीबर्नपर्यंतच्या सगळ्या मंडळींशी वाईटपणा घेतला. हे काम इतकी वर्षं तू करत होतास आणि जाताना माझ्या गळ्यात घालून गेलास. वर बसून हसत असशील.

मी अजून रागात आहे. शलाका म्हणते, गेलेल्या माणसावर रागावू नये. तिचा तू नवरा होतास, तिला नुसतं रडता येतं. मला तुझ्याशी भांडल्याशिवाय बोलताच येत नाही, त्याला मी काय करू? सकाळी फार्म्सच्या दिशेने गाडी काढली की हात आपोआप तुला फोन लावायला जातो. एकदा असाच गेला. मग गाडी कडेला घेऊन रडत बसले. मागून दुधाचा टँकर आला, ड्रायव्हरने थांबून विचारलं, 'यू राइट, लव्ह?' त्याला काय सांगणार. 'नो वरीज' म्हटलं आणि निघाले.

आपली ओळख क्लेटनच्या त्या घरातली. सहा जण, एक फ्रिज, आणि कोणाचं दही कोणी संपवलं यावरून रोज महाभारत. मी युनीत जनावरांच्या आहाराचा अभ्यास करायला आलेली, तू इलेक्ट्रॉनिक्सच्या मास्टर्सला. रेस्टॉरंटमध्ये भांडी घासायला कंटाळलास आणि गिप्सलँडमधल्या ग्रेगच्या डेअरीवर वीकेंडला दूध काढायला जायला लागलास. रविवारी आर्व्होला, दुपार कलल्यावर, ट्रेनने परत यायचास तेव्हा तुझ्या शेजारी कोणी बसायचं नाही, इतका वास. मी नाक धरून तुला दारातच अडवायचे. गाईंनी काय खाल्लं? बसल्यावर रवंथ करत होत्या का? शेण घट्ट होतं का पातळ? तू म्हणायचास, 'अगं बाई, आधी आंघोळ तरी करू दे.'

तोवर तुझा गाईशी संबंध तो काय होता? डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर वाढलेला मुलगा. गाय म्हणजे देवळाबाहेर खांबाला बांधलेली, आणि शेजारी गवताच्या पेंड्या घेऊन बसलेली बाई. तुझी आई, आमच्या काकू, दर सोमवारी एक पेंडी घेऊन त्या गाईला घालायच्या, हे तूच सांगितलेलं. मास्टर्स संपलं, ग्रेगने कायमची नोकरी दिली, आणि इलेक्ट्रॉनिक्सकडे तू परत वळूनही पाहिलं नाहीस. काकू कितीतरी दिवस नातेवाइकांना सांगत होत्या, 'मकरंद तिकडे मशीनवर असतो.' खोटं नव्हतंच ते. दूध काढायचं का असेना, मशीनच होतं.

मी फीड मिलमध्ये सल्लागार म्हणून लागले तेव्हा कोणी शेतकरी मला दारात उभं करत नव्हता. तोंडावर कोणी काही बोलायचं नाही, पण चेहऱ्यावर दिसायचं, की ही ऑफिसातली बाई आता आम्हाला गाई सांभाळायला शिकवणार. तेव्हा तू ग्रेगला म्हणालास, 'आपल्या गाईंवर करून बघू दे तिला.' तुला स्वतःला माझं म्हणणं पटलेलं नसताना म्हणालास. तिथून माझं नाव झालं. याबद्दल मी तुला कधी थँक्यू म्हटलं नाही. म्हटलं असतं तर 'कशाबद्दल गं, दाणेवाली?' म्हणून उडवून लावलं असतंस, म्हणून राहूनच गेलं. आता म्हणतेय, गपचूप ऐकून घे.

दाणेवाली. हे नाव तू ठेवलंस आणि शलाकापासून तुझ्या लेकीपर्यंत, ईशापर्यंत सगळ्यांनी उचललं. आपलं भांडण तसं साधंच होतं. माझं म्हणणं, गाईत दूध द्यायची ताकद आहे, तर दूध काढताना तिच्या पुढ्यात बार्ली आणि गव्हाचा सढळ खुराक टाकू, लिटर वाढतील. तुझं म्हणणं, आधी गवताने पोट भरू दे, उरलेल्या भुकेला दाणा. मी म्हणायचे, गवताच्या भरवशावर राहिलास तर ऐन दुधात गाय हाडं दाखवेल. तू म्हणायचास, दाण्याने पोट भरलं तर ती एवढं चांगलं गवत तुडवून जाईल आणि मला ते बघवणार नाही. दोघांचंही खरं होतं, म्हणून तर मिटलं नाही.

आठवतंय, एका वर्षी माझ्या प्लॅनने दूध चांगलंच वाढलं होतं. तू आजूबाजूच्या सगळ्या शेतकऱ्यांना ते प्रामाणिकपणे सांगितलंस. आणि मला न सांगता खुराक थोडा कमी केलास, कारण दुधाचं फॅट उतरलं होतं. मी पुढच्या खेपेला आले, गाई चरायच्या पॅडॉकमध्ये दोन-तीन ठिकाणी शेणावर गमबूट दाबून बघितला, ते आधीपेक्षा घट्ट लागलं, आणि डेअरीत येऊन म्हटलं, 'मक्या, दाणा कमी केलास?'

'कोण म्हणतं?'

'तुझ्या गाई म्हणतात.'

तू आत जाऊन माझ्यासाठी कॉफी करून आणलीस. माफी मागायची तुझी तीच पद्धत होती, आणि कॉफीही भयंकर असायची.

गवताच्या बाबतीत मात्र तुझ्यापुढे माझं काही चालायचं नाही. रोज संध्याकाळी पॅडॉकमधून फिरायचास, मध्येच वाकून राय गवताचा एक कोंब उपटायचास आणि बोटांत धरून त्याची पानं बघायचास. दोन पानं असली तर गेट बंद. तिसरं पान पुरतं उघडलं की गाई आत. त्याआधी चरलं तर मुळाशी साठा होत नाही, गवत पुन्हा जोमाने येत नाही. फार थांबलं तर खालचं पान वाळायला लागतं. मला हे सगळं परीक्षेपुरतं पाठ होतं. पण ऐन हिवाळ्यात, जुलैच्या चिखलात, बोचऱ्या वाऱ्यात, रोज वाकून एकेक कोंब बघणारा माणूस मी तुझ्याशिवाय पाहिला नाही.

आता पोळीचं. ते भांडण आपण अर्धवट सोडलं होतं.

गेल्या वसुबारसेला आपली मेलबर्नची मंडळी मुलाबाळांसह तुझ्या फार्मवर आली होती. कोणी साडी नेसून, कोणी आरतीचं ताट घेऊन. तुलाही छान वाटत होतं, गाईंची ओळख करून देत फिरत होतास. तुझी ती ठमी, माणूस दिसलं की कुंपणाला येऊन उभी राहणारी, तिच्याभोवती ही गर्दी. तू दूध काढायला आत गेलास आणि बाहेर प्रत्येकाने आपापल्या डब्यातलं तिला भरवलं. पोळी, गूळ, भिजवलेले गहू, भात. खादाड ती, तिने कोणाला नाही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी तिचा रवंथ बंद, शेण पाण्यासारखं, मान खाली. दाण्याचा खुराक आधीच पोटात होता, त्यावर हे सगळं आंबलं. व्हेट आली, ठमी वाचली, पण त्या वर्षी ती पुन्हा मूळ दुधावर आली नाही.

मग तू गेटवर तो बोर्ड लावलास. 'गाईंना काहीही खायला घालू नये. पोळी तर नाहीच.' मराठीत. गिप्सलँडमध्ये, जिथे पोस्टमन सोडला तर त्या गेटवर कोणी येत नाही. ग्रेगने विचारलं काय लिहिलंय, तर तू म्हणालास, 'इट्स फॉर माय पीपल.' आपल्या माणसांना ते लागलं. नितीन क्रेगीबर्नहून सगळ्यांना गोळा करून आणायचा, त्याने येणंच सोडलं. मी तुझ्याशी कडाकडा भांडले. म्हटलं, 'मक्या, एका पोळीने गाय मरत नाही. माणूस मात्र दुखावतो.'

तू म्हणालास, 'एक तुझी. आणि बाकीच्यांच्या?'

'हे बघ, लोकांची श्रद्धा असते.'

'असू दे ना. गाईच्या पोटात जंतू असतात, तेच तिचं खाणं पचवतात, नवीन खाण्याची सवय लागायला त्यांना आठवडे लागतात. हे मला कोणी शिकवलं? तूच ना?'

तेवढ्यात ग्रेगने हाक मारली, तू गेलास, आणि पुढे तो विषय निघाला की मी तोंड फिरवायचे आणि तू शीळ घालायचास.

आपण शेवटचे भेटलो ते ओढ्याकाठच्या पॅडॉकमध्ये. ऑटमपासून तू तिथे गाई सोडल्या नव्हत्यास, नुकत्या व्यालेल्या गाईंसाठी तो राखून ठेवला होतास. मी म्हटलं, 'उघड की आता. रोज दोन-चार व्यातायत.' तू कोंब उपटून माझ्या नाकासमोर धरलास. दोन पानं पुरती होती, तिसरं नुसतं डोकावत होतं. 'अजून एक पान,' म्हणालास. 'कसली घाई असते गं तुला, दाणेवाली?' त्याच आठवड्यात शलाकाचा फोन आला. तू डेअरीतच पडलास, हृदय बंद पडलं. त्यावर मी काही लिहिणार नाही.

तेराव्याच्या आदल्या दिवशी मी फार्मवर गेले. शलाकाने तिचा फोन माझ्या हातात दिला, समोर काकू. गुडघ्यांमुळे त्यांना एवढा प्रवास झेपत नाही, तुला निरोपही त्यांनी स्क्रीनवरच दिलेला. आवाज अगदी बसला होता त्यांचा.

'तिकडे तुम्ही कराल ते बरोबरच असेल,' काकू म्हणाल्या. 'माझं एवढंच मागणं आहे. त्याच्या नावाचा घास त्याच्या गाईने घेतलेला मला बघायचाय. इतक्या गाई सांभाळल्या त्याने. मला माझ्या हाताने त्याचं काही करता आलं नाही गं. एवढं झालं की माझा जीव शांत होईल.'

मी हो म्हटलं. तू असतास तरी हो म्हटलं असतंस. समोर आई रडत असताना पोटातल्या जंतूंचं व्याख्यान तुलाही देता आलं नसतं. मी मनात ठरवलं, एखादी भाकड गाय बघू, एक घास घालू, कोणाला काही होत नाही.

पण नितीनच्या कानावर ते गेलं आणि त्याने ग्रुपवर टाकलं, की काकूंची इच्छा आहे, सगळ्यांनी मकरंदच्या गाईंसाठी घास घेऊन या. मनाने चांगला आहे रे तो. वर्षभर आला नव्हता, आणि आला तो डोळे सुजवून. त्याच्यामागून गाड्याच गाड्या. प्रत्येकाच्या हातात डबा. पुरणपोळ्या, तूपभात, रव्याचे लाडू, कोणी तर घरी पिठाचे गोळे करून त्यात गूळ भरून आणलेला. सगळे तुझ्या बोर्डाखालून आत आले. कोणी तो वाचला नाही असं नाही. वाचून डबे तसेच धरून उभे राहिले.

गेटजवळच्या पॅडॉकमध्ये त्याच गाई होत्या, नुकत्या व्यालेल्या. ठमी सगळ्यांत पुढे, कुंपणावरून मान काढून.

शलाका मला म्हणाली, 'तू सांग. मला काही सुचत नाहीये. त्याचंही मोडायचं नाही आणि आईंचंही.'

नितीन म्हणाला, 'एक घास गं फक्त. एका पोळीने गाय मरत नाही, तूच म्हणाली होतीस.'

मक्या, माझं वाक्य माझ्याच तोंडावर आलं. मी त्या सगळ्यांकडे बघितलं. कोणाला तू एअरपोर्टवरून आणलं होतंस, कोणाला पहिली खोली शोधून दिली होतीस, कोणाच्या बाळंतपणात आपल्या डेअरीचा चीक पाठवला होतास, खरवसासाठी. प्रत्येकाला स्वतःच्या हाताने घास घालायचा होता. यातल्या एकाला हो म्हटलं तर दुसऱ्याला नाही कोणत्या तोंडाने म्हणायचं? तू 'आणि बाकीच्यांच्या?' म्हणालास तेव्हा मला वाटलं होतं, तू माणूसघाणेपणा करतोयस. तुला तेव्हा असं उभं राहावं लागलं होतं, आपल्याच प्रेमाच्या माणसांपुढे. मला आत्ता कळलं. घे, हरले मी.

मी म्हटलं, 'नाही घालायचं. कोणीच नाही.'

एक मावशी हळूच म्हणाल्या, मला ऐकू येईल एवढ्या हळू, 'मेलेल्या माणसाच्या घासालासुद्धा नियम.' नितीनने डबा बंद केला आणि पाठ फिरवून उभा राहिला. शलाकाने माझा हात धरला. आणि तेवढ्यात डोंबिवलीहून काकूंचा व्हिडिओ कॉल.

फोन मीच घेतला. 'काकू, पोळी नाही घालता येणार.'

'का गं? काही चुकलं का आमचं?'

'नाही हो. ओल्या बाळंतिणी आहेत सगळ्या. आत्ता आत्ता व्यायल्यात. यांना पुरण, गूळ, तूपभात सोसायचं नाही. गेल्या वर्षी एक मरता मरता वाचली. तेव्हापासून त्याने कोणाला घालू दिलं नाही.'

काकूंनी चष्मा काढून पदराने पुसला. मग म्हणाल्या, 'बाळंतिणीला पुरणपोळी कोणीच घालत नाही, खरंय तुझं.' आणि मग आवाज फुटला. 'पण मग तो उपाशीच जायचा का गं?'

मी फोन छातीशी धरला. ग्रेग बाजूला होता, इस्त्रीचा शर्ट घालून, अवघडून. त्याने विचारलं, 'व्हॉट्स शी आस्किंग फॉर?' मी सांगितलं, की त्याच्या नावाने त्याच्या गाईंनी काहीतरी खावं, एवढंच. ग्रेगने ओढ्याकाठच्या त्या राखलेल्या गवताकडे हात केला. 'वेल, ही सेव्ह्ड दॅट लॉट फॉर देम, डिडन्ट ही.'

मी चालायला लागले. चांगल्या चपला चिखलात, पदर खोचलेला, हातात काकू. मागून शलाका, ईशा, मग नितीन, मग हळूहळू सगळेच आले. तुझ्या त्या पॅडॉकच्या गेटशी मी वाकले आणि एक कोंब उपटला. खात्री करायला दुसरा उपटला. मग ईशाने उपटला आणि बोटांत धरून बघितला, अगदी तुझ्यासारखा. 'थ्री,' ती म्हणाली. 'बाबा सेड वेट फॉर थ्री.'

तिसरं पान पुरतं उघडलं होतं, मक्या. तू म्हणाला होतास तेवढंच थांबायचं राहिलं होतं.

शलाकाने गेटची साखळी काढली. ग्रेगने पुढच्या गेटजवळच्या पॅडॉकमधून गाई इकडे वळवल्या. ठमी पहिली आली, गेटमध्ये क्षणभर थबकली आणि मग तिने मान खाली घातली. बाकीच्या दोन्ही बाजूंनी पसरल्या. तो आवाज तुला माहीत आहे, एवढ्या गाई एकदम गवत तोडायला लागल्या की येतो तो. मी फोन त्यांच्याकडे धरून ठेवला.

'हे कोणी लावलंय?' काकूंनी विचारलं.

'मकरंदने. ऑटमपासून राखून ठेवलं होतं. यांच्यासाठीच.'

काकू बघत राहिल्या. डोळे पुसत होत्या, पण रडत नव्हत्या. म्हणाल्या, 'देवळाबाहेरच्या गाईला पेंडी मी घ्यायचे, पण घालायला हात याचाच पुढे. माझ्या हातून ओढून घ्यायचा.' मग म्हणाल्या, 'पोळ्या तुम्ही सगळे खा आता. माझी काळजी गेली. गाईंचं ताट तर तोच वाढून गेलाय.'

नितीन तिथेच खाली गवतावर बसला आणि हमसून हमसून रडला. मग जेवण झालं. पुरणपोळ्या आम्ही संपवल्या, ग्रेगने सगळ्यांत जास्त खाल्ल्या. जाताना नितीन तुझ्या बोर्डापाशी थांबला. तो वाऱ्याने एका बाजूला कलला होता. त्याने गाडीतून हातोडी काढली आणि नीट ठोकून बसवला.

आणि हो. या आठवड्यात खुराक वाढवायचा असं माझ्या प्लॅनमध्ये होतं. काल जाऊन गवत बघितलं, शेणावर बूट दाबून बघितला, आणि नाही वाढवला. मिलमध्ये कोणाला सांगू नकोस.